गावी बिऱ्हाड हलवण्याआधी शाळेची चौकशी

पुण्या-मुंबईचं बिऱ्हाड आवरून कोकणात गावी राहायला जायचं ठरलं, की घराची कौलं, विहिरीचं पाणी, मोबाइलची रेंज यांची चौकशी आधी होते. शाळेचं मात्र ‘आहे की वाडीत मराठी शाळा’ एवढ्यावर सोडून दिलं जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की शाळेची चौकशी सगळ्यात आधी करा, कारण कोणत्या गावात, कोणत्या वाडीत राहायचं हेच मुळात त्यावरून ठरायला हवं.

सुरुवातीला एका कागदावर पहिलीपासून बारावीपर्यंतचा मार्ग लिहून काढा. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे, पाचवीपर्यंत की सातवीपर्यंत? पुढचं हायस्कूल कोणत्या गावात? विज्ञान शाखेची अकरावी-बारावी जवळपास आहे, की त्यासाठी तालुक्याला जावं लागेल? राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. पण शिक्षण हक्क कायदा आठवीला संपतो, आणि गावाकडची खरी ओढाताण तिथूनच पुढे सुरू होते. म्हणून मुलगी आज दुसरीत असली तरी तिचा नववीचा रस्ता आताच चालून बघा, आणि तोही जुलैत. मे महिन्यात कोरड्या वहाळावरून सहज ओलांडलेला साकव भर पावसात पाण्याखाली जातो का, गेला तर मुलं किती दिवस घरी बसतात, हे वाडीतल्या कुणालाही विचारा, लगेच सांगतील. एसटीची वेळही नुसती ऐकू नका, थांब्यावर उभं राहून बघा. मुक्कामाची गाडी सकाळी सुटते ती शाळेच्या वेळेला जुळते का? संध्याकाळची चुकली तर पुढची कधी? मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीचा. पैशांचा प्रश्न त्यामुळे हलका होतो, वेळेचा होत नाही.

आता शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत इयत्तावार पटाचा फळा असतो, तो नीट वाचा. समजा, वर्ग चार आणि एकूण पट बावीस आहे. साठ मुलांपर्यंत कायद्याने दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग. यात घाबरण्यासारखं काही नाही. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली पहिलीतलं मूल दुसरीचं ऐकत ऐकत पुढे जातं. विचारायचं ते वेगळं: दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेला की वर्ग कोण बघतं? शिक्षक या शाळेवर किती वर्षं आहेत, बदलीपात्र कधी होतात? पट वाढतोय की घटतोय? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला होता, त्यामुळे सात-आठ मुलांच्या शाळेच्या भरवशावर घर बांधणार असाल तर पुढची चार वर्षं डोळ्यांसमोर आणा.

इमारतीवरून मत बनवू नका. सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी हे छोटं गाव, तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. शाळा शिक्षकावर उभी असते, म्हणून शिक्षक बघायला सकाळी परिपाठाच्या वेळी जा. बातम्या आणि बोधकथा ठरलेली दोनच हुशार मुलं वाचतात, की पाळीपाळीने सगळ्यांना पुढे बोलावतात? अडखळणाऱ्या मुलाला गुरुजी शेवटपर्यंत वाचू देतात का? मग परवानगी घेऊन चौथीतल्या एखाद्या साधारण मुलाची गणिताची वही मागा. भागाकार चुकला असेल तिथे नुसती लाल फुली आहे, की शेजारी पायरी लिहून दाखवली आहे, आणि मुलाने खाली तेच उदाहरण पुन्हा सोडवलं आहे का? कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मला ती वही अधिक विश्वासाची वाटते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून कडी आहे ना, हेही बघा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यातल्या एक-दोन आयांशी निवांत बोला, शाळेचं खरं चित्र त्यांच्याकडून कळतं.

तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा पर्याय असेल तर व्हॅन घरून किती वाजता निघते ते आधी विचारा. सहा वर्षांच्या मुलाने रोज दोन तास घाटरस्त्यावर काढावेत इतकी ती शाळा चांगली आहे का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असेल. अनेक मराठी शाळांत सेमी इंग्रजी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. शहरात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला मात्र परिसर अभ्यास मराठीतून वाचायची सवय लागायला हवी. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, ती निघायच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज थोडी मोठ्याने वाचून घ्या.

मूल दुसरी-तिसरीत असेल तर एक गोष्ट वेळेत लक्षात घ्या. नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण शाळेत झालेली लागतात. तिसरीच्या मध्यावर गेलात तर ती वाट बंद होते, जूनमध्ये गेलात तर उघडी राहते.

मुलाला विशेष मदतीची गरज असेल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात स्वतः जा आणि विशेष शिक्षक त्या शाळेवर महिन्यातून किती वेळा येतात ते विचारा.

कागदपत्रांचं काम एप्रिलमध्येच उरका, मे महिन्यात शाळेत कुणी भेटत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, प्रगतिपुस्तक आणि आधार या सगळ्यांवर नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते बघा. दुरुस्ती जुन्या शाळेतूनच करून घ्या, नंतर शहरात खेपा घालाव्या लागतात. शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) आणि राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या सरल प्रणालीतला मुलाचा क्रमांक लिहून घ्या, ऑनलाइन बदलीला ते लागतात. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या कोणत्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. कुणी अडवलंच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.