नवरीला कावीळ झाल्यागत दिसतंय: चेहऱ्याचा रंग करताना या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ दिला की चार दिवसांत फोन येतोच. मागच्या सीझनला आलेला फोन असा होता: "दादा, सगळं लय भारी झालंय, पण हळदीत नवरीला कावीळ झाल्यागत दिसतंय. जरा बघा की."

दारातला मंडप, वर पिवळं कापड, भर दुपारची हळद. मी फाईल उघडली, चेहऱ्याला मास्क (बदल चेहऱ्यापुरताच राहील असा घेरा) लावला आणि पिवळा काढून टाकला. तोंड गुलाबी झालं, गळा आणि कान पिवळेच राहिले. मास्क उडवला आणि सगळ्या फ्रेमचाच पिवळा ओढला, तर आईच्या हातातला हिरवा चुडा निळसर पडला आणि मागची पांढरी प्लास्टिकची खुर्ची जांभळट झाली.

त्या खुर्चीनंच मला वाचवलं. सगळं रिसेट केलं आणि खुर्ची पांढरी दिसेल एवढाच पिवळा काढला. मंडपाच्या कापडातून झिरपलेला पिवळा गेला, अंगाला लावलेली हळद राहिली. हळदीच्या व्हिडिओत हळद पिवळी दिसलीच पाहिजे की!

चेहऱ्यावरून व्हाइट बॅलन्स करू नका

चेहरा बिघडला म्हणून थेट चेहऱ्याला हात घालणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दहातल्या आठ वेळा दोष उजेडाचा असतो. आपल्याकडच्या कार्यालयात खिडकीतून ५६०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) आसपासचा उजेड येतो, स्टेजवर ३२०० चा पिवळा हॅलोजन असतो, छताला हिरवट ट्यूब. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) असला तर नवरी खिडकीकडे वळली की एक रंग, स्टेजकडे वळली की दुसरा. शूटिंगलाच केल्विन आकडा लॉक केला असता तर हे अर्धं काम वाचलं असतं.

एडिटला बसल्यावर आधी फ्रेममध्ये पांढरं काहीतरी शोधा. भटजींचं उपरणं, सदऱ्याची कॉलर, खुर्ची, चुन्याची भिंत. हल्ली हळदीला सगळेच पिवळे कपडे घालतात, त्यामुळे शोधाशोध करावी लागते. आरजीबी परेडमध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) त्या पांढऱ्या भागाचे तिन्ही रंग एका उंचीला आणा. एक पथ्य मात्र पाळा: ती वस्तू चेहऱ्याच्याच उजेडात हवी. खिडकीजवळची भिंत बघून स्टेजवरची नवरी दुरुस्त केली तर ती आणखीच पिवळी होते.

तालमीतल्या शूटिंगला हाच घोळ उलटा होतो. तांबड्या मातीनं फ्रेम भरलेली असते. ऑटो बॅलन्स तो तांबडेपणा मारायला जातो आणि पैलवान थंडीनं काकडल्यागत निळसर दिसायला लागतो. वस्तादांच्या पांढऱ्या फेट्यावरून बॅलन्स धरला की माती माती होते आणि अंग अंग.

व्हेक्टरस्कोपच्या रेषेला देव मानू नका

एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाव्हिंची रिझॉल्व्ह असो की प्रीमिअर, व्हेक्टरस्कोपवर (फ्रेममधले रंग ठिपक्यांनी दाखवणारा गोल आलेख) त्वचेची एक रेषा असते. घड्याळात अकरा वाजता तास काटा जिकडे असतो, साधारण त्या दिशेला. गोरा, गव्हाळ, काळा, कुणाचाही चेहरा नीट उजेडात या रेषेच्या आसपासच पडतो, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं सारखंच. कातडीतलं रंगद्रव्य चेहरा किती गडद ते ठरवतं, दिशा फारशी बदलत नाही. ठिपके बाराकडे झुकले तर चेहरा लालगुलाबी, दहाकडे झुकले तर पिवळा. केंद्रापासून जितके लांब तितका रंग भडक.

पण स्कोपला सगळी फ्रेम दिसते. केशरी फेटा, लाकडी चौरंग, तांबडी माती हे सगळं त्याच दिशेला जाऊन बसतं आणि आपण फेटाच रेषेवर आणून खूश होतो. म्हणून चेहऱ्याभोवती तात्पुरती विंडो (घेरा) काढून बाकीचं झाका किंवा गालापुरतं झूम करा, मग बघा. आणि गालाला हळद असेल, जोतिबाच्या यात्रेतला गुलाल असेल, तर ती रेषा विसरा. गुलालानं माखलेला माणूस रेषेवर आणायचा म्हणजे गुलालच धुऊन काढायचा.

"ताईला जरा गोरी करा की"

हे ऐकायला लागतंच, आणि मला याचा राग येतो. तरी धंदा आहे, तोंडावर नाही म्हणता येत नाही. बहुतेक जण गामा (मधल्या छटांचा उजेड) वर ढकलतात. चेहरा उजळत नाही, राख फासल्यागत दिसतो. कुंकू फिकट गुलाबी होतं, मंगळसूत्राचं सोनं पितळेसारखं दिसतं आणि शालूची जरही जाते.

वेव्हफॉर्मवर (कुठं किती उजेड ते दाखवणारा आलेख) चेहऱ्याचा उजळ भाग बघा. शंभराच्या पट्टीवर गव्हाळ चेहरा माझ्याकडे पन्नास ते साठच्या दरम्यान नीट बसतो, सावळा त्याच्याखाली, चाळीस ते पन्नासमध्ये. कॅमेऱ्यावरच्या झेब्राचा (ठरलेल्या उजेडाच्या जागी पट्टे दाखवणारी सोय) ७० चा आकडा गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेला आहे, तो सावळ्या नवरदेवाला लावू नका. नवरा-नवरी वेगवेगळ्या वर्णाचे असतील तर ते तसेच दिसू द्या. दोघांना एका पट्टीवर आणलं की एकाचा फोटो चिकटवल्यागत वाटतं.

माझी तडजोड अशी: चेहऱ्याभोवती मऊ कडेची मोठी विंडो, आत किंचित उजेड वाढवायचा, बाहेरची पार्श्वभूमी थोडी खाली घ्यायची. रंगाला हात लावायचा नाही. डोळा आपसूक चेहऱ्याकडे जातो. ताई पण खूश, आपण पण.

लट आधी, दुरुस्ती नंतर

हे उलटं पाहिजे. "सिनेमॅटिक" नावाची फुकटातली लट (LUT, म्हणजे रंगाचा तयार साचा) आधी टाकायची आणि मग चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा का झाला म्हणून डोकं धरायचं. एस-लॉगसारखं लॉग फुटेज (मुद्दाम फिकट शूट केलेलं) असेल तर आधी ते रेक. ७०९ मध्ये (टीव्हीच्या नेहमीच्या रंगात) आणा, आणि लॉग नसलेल्या फुटेजला लॉगची लट लावू नका. चढवल्यावर चेहरा भडकलाच, तर लटच्या नोडचा (ज्या टप्प्यावर लट लावली त्याचा) जोर निम्म्यावर आणा.

क्वालिफायरनं कातडी पकडताना

त्वचा निवडायला क्वालिफायर (रंगावरून भाग निवडणारं टूल) लावला की त्याच्याबरोबर फेटा, दरवाजा, माती सगळं येतं. रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट-एच दाबून नेमकं काय निवडलं गेलंय ते बघा. न बघता पुढं जाणारे लय आहेत. मग विंडो लावून ट्रॅक करा (म्हणजे ती चेहऱ्याबरोबर हलेल), कडा मऊ करा.

८ बिट, ४:२:० चं फुटेज असेल तर फार अपेक्षा धरू नका. तिथं प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात (१० बिटमध्ये १०२४) आणि रंगाची माहिती चार पिक्सेलमागं एक. केसांच्या कडेला निवड फाटते, गालावर ठिगळं पडतात. अशा फुटेजला क्वालिफायरपेक्षा संपूर्ण फ्रेमचा साधा बॅलन्सच बरा.

जे शूटच झालं नाही ते ग्रेडिंगमध्ये येत नाही

स्वस्तातल्या एलईडीच्या उजेडात लाल फार कमी असतो, म्हणून चेहरा मेल्यागत हिरवट दिसतो. लाल वाढवला तर रक्त येत नाही, नॉइज (दाणेदारपणा) येतो. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात, आपल्या बाबूराव पेंटरांच्या जमान्यात, जगभर चालणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. चेहरे काळवंडलेले यायचे, म्हणून नटांना खास मेकअप थापावा लागायचा. आपल्यावर तशी वेळ नाही, लाल नीट देणारा एक बरा लाइट घेतला की झालं. वरातीत डीजेच्या निळ्या पार लाइटखाली आलेल्या चेहऱ्यांचा मात्र नाद सोडा. तिथं निळा सोडून काही उरलेलंच नसतं.

मॉनिटरचं थोडक्यात: नाइट लाइट बंद करा, मागची भिंत रंगीत नको, आणि रात्री दोनला केलेला चेहरा सकाळी चहा पिऊन परत बघा. सलग तीन तास पिवळं बघितलं की डोळ्याला तेच पांढरं वाटायला लागतं.

फायनल काढायच्या आधी हळदीची दहा सेकंदांची क्लिप घरच्यांना पाठवतो, त्यांच्याच फोनवर बघू देतो. पाठवायची ती डॉक्युमेंट म्हणून. साध्या व्हिडिओसारखी पाठवली की व्हॉट्सॲप ती चेपतं, आणि लगेच फोन: "दादा, कावीळ गेली, पण तोंडावर चौकोन चौकोन आल्यात बघा."