सप्लाय चेनची सर्क्युलॅरिटी, म्हणजे किती माल परत वापरात फिरतो ते, मोजायचीय? आधी गेटवरचा वजनकाटा बघा

नवी मुंबईतलं रबाळे, महापे, पावणे, सगळीकडच्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांना आता मोठे कस्टमर विचारायला लागलेत की तुमच्या मालात रिसायकल किती. कारण सरळ आहे, २०२२ च्या ईपीआर नियमांनी (पॅकेजिंगच्या कचऱ्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर टाकणारे नियम) रिजिड, म्हणजे कडक, प्लास्टिक पॅकेजिंगसाठी २०२५-२६ ला ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के रिसायकल प्लास्टिकचं टार्गेट ब्रँडवाल्यांवर टाकलंय, मग ते खाली आपल्यापर्यंत येणारच. प्लीज अंदाजे टक्का टाकून फॉर्म पाठवू नका, हे नीट मोजता येतं.

आधी हद्द ठरवा, कंपनीचं गेट धरलं तरी चालेल. महिनाभर आत आलेला सगळा माल किलोत लिहा, रुपयात नको, नगात तर नकोच. व्हर्जिन, म्हणजे कोरा, प्लास्टिक दाणा एका रकान्यात, बाहेरून घेतलेला रिसायकल दाणा दुसऱ्यात. आपल्याच मशीनचे रनर (साच्यात माल जायच्या वाटेत उरलेले तुकडे) दळून परत टाकतो तो रिग्राइंड रिसायकलमध्ये धरायचा नाही, पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या स्टँडर्डमध्येही तसंच आहे, तो माल गेटबाहेर गेलेलाच नसतो ना.

आता बाहेर जाणारं, आणि खरी मेहनत इथे आहे. भंगारवाल्याला दिलं म्हणजे रिसायकल झालं असं बहुतेक जण धरतात, पण चलानवर फक्त वजन आणि रेट असतो, पुढे माल कुठे गेला ते नसतं. त्याला विचारा की तुमची गाडी कुठल्या रिसायकलरकडे खाली होते, आणि एकदा स्वतः तिथे जाऊन या. लेबल, माती, ओलावा, वेगळ्या जातीचं प्लास्टिक हे सगळं धुण्यात आणि निवडण्यात जातं, म्हणून १०० किलोतून ८० किलो दाणा निघत असेल तर ८०च धरा. जे कुठे जातं ते कळतच नाही ते शून्य. आकडा खाली येईल, येऊ दे, तो खरा असेल.

हिशोब असा, समजा १० टन आत आलं, त्यातलं ३ टन रिसायकल, म्हणजे इनफ्लो (आत येणाऱ्यातला रिसायकल) ३० टक्के. बाहेर १० टन गेलं आणि त्यातलं २ टन परत वापरात आल्याचा पुरावा आहे, म्हणजे आउटफ्लो (बाहेर गेलेल्यातला परत वापरात आलेला) २० टक्के. हे दोन आकडे वेगवेगळे दाखवा, सरासरी काढून २५ सांगितलं की नेमकी गळती कुठे आहे ते झाकलं जातं. सर्क्युलॅरिटी मोजायचं २०२४ चं स्टँडर्ड आयएसओ ५९०२० सुद्धा इनफ्लो आणि आउटफ्लो वेगळे मोजायला लावतं.

सप्लायरना एकदम वीस प्रश्नांचा फॉर्म पाठवलात तर कोणी भरत नाही. वजनाने जे सगळ्यात जड आहेत अशा तिघा-चौघांना फोन करा, रिसायकल किती आणि त्याचा कागद काय एवढंच विचारा. बॉक्सवाल्यालाही विचारा, क्राफ्ट पेपरमध्ये रद्दी बरीच असते.

परत येणाऱ्या क्रेटचं मात्र टक्क्यात बघू नका, फेऱ्या मोजा. दर फेरीला १०० मधले ५ क्रेट गायब होत असतील तर एक क्रेट सरासरी २० फेऱ्याच चालतो, मग तो कितीही मजबूत का असेना. क्रेटवर नंबर टाका आणि वाशीच्या मार्केटला किंवा भिवंडीच्या गोडाऊनला गेलेले किती परत आले ते गेटपासवरच लिहायला लावा, स्टोअरवाल्याला वेगळं रजिस्टर दिलं की ते आठवड्यात बंद पडतं.