दोन नर गिनीपिग घरी आणताना, किंवा दुसऱ्याकडे सोपवताना

सगळ्यात आधी दोघे खरंच नर आहेत ना, हे पाहून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ‘दोन्ही नर’ म्हणून दिलेल्या जोडीला दोन महिन्यांनी पिल्लं होणं ही नवलाची गोष्ट नाही. गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा असतो आणि नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याला आईपासून वेगळं करावं लागतं. नराचा अवयव गोल टिंबासारखा दिसतो, वरच्या बाजूला बोटाने हलकं दाबलं की शिश्न बाहेर येतं. मादीत इंग्रजी ‘वाय’सारखी रेघ दिसते. खात्री वाटत नसेल तर डॉक्टरांकडून बघून घ्या.

जागा जनावरं येण्याआधी तयार हवी. दोन नरांना निदान पाच ते साडेपाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद सपाट जमीन लागते. वरचा मजला या हिशोबात धरायचा नाही. दुकानातला दोन फुटी पिंजरा प्रवासानंतर एक रात्र काढायलाही अपुरा. जाळीच्या चौकटी झिप टायने बांधून, तळाला कोरुगेटेड प्लास्टिक शीट आणि वर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कापड) घातलं की काम होतं. तळाला तारेची जाळी नको, पायांच्या तळव्यांना जखमा होतात. आत प्रत्येक वस्तू दोन हवी: दोन पाण्याच्या बाटल्या, गवताचे दोन ढीग, दोन घरं. घराला दोन दारं ठेवा. एकच दार असलं की एक आत कोंडला जातो, दुसरा दारात उभा राहतो आणि तिथेच मारामारी जुंपते. मादी त्याच खोलीत नको, नुसत्या वासानेही जुनी जोडी फुटते. दोनाचे तीन नर करण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

गवत हे मुख्य अन्न, ते चोवीस तास समोर हवं. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत दोघांना, वाया जाणारं धरून, महिन्याला तीन-साडेतीन किलो लागतं. परवडत नसेल तर फवारणी नसलेली, धुऊन पुसलेली हरळी जोडीला द्या. लसूणघास मोठ्या नराला रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होतो. पावसाळ्यात गवत कापडी पिशवीत, भिंतीपासून दूर ठेवा आणि कुबट वास आला की सरळ फेकून द्या. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही. किलोभर वजनाच्या जनावराला रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. प्रत्येकी पाव ढोबळी मिरची आणि थोडी कोथिंबीर एवढ्यात ते भागतं. पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, ते लवकर निकामी होतं. सशाच्या पेलेटमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांत, क जीवनसत्त्व घातलेलं नसतं आणि रंगीत दाण्यांचं मिश्रण म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली पोटदुखी.

डॉक्टर आधी शोधा, फक्त कुत्र्या-मांजरांचे असून चालत नाहीत. जनावरांच्या दवाखान्याच्या कार्डावर ठळक लिहा: तोंडावाटे पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन नको. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ जनावरही.

नवा नर जुन्याशी जोडायचा असेल तर आधी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खाणं-साफसफाई जुन्याची आधी, नव्याची नंतर, कारण खरूज आणि बुरशी हातावाटे पसरते. मग दोघांनाही परक्या असलेल्या मोकळ्या जागेत गवताचा ढीग टाकून सोडा. घर ठेवू नका. घुमत, कंबर डोलवत चालणं, एकमेकांवर चढणं हे चालायचंच, त्यावरून वेगळं करू नका. दात कटकटवणं हा इशारा. समोरासमोर उभे राहून झेप घेतली तर मध्ये सुपली सरकवा, उघडा हात घालू नका. रक्त आलं की जोडी संपली. मग शेजारी-शेजारी, मध्ये जाळी. चार ते चौदा महिन्यांचं वय सर्वात तापट, आणि बऱ्याचदा याच वयात लोक नर ‘द्यायचा आहे’ म्हणतात. नसबंदीने नरांची आपसातली भांडणं मिटत नाहीत.

द्यायची वेळ आली तर जमलेली जोडी तोडू नका. घेणाऱ्याच्या पिंजऱ्याचा व्हिडिओ मागा आणि जमलं नाही तर परत आपल्याकडेच आणायचं, हे लिहून घ्या. सोबत आठवड्याचं गवत-पेलेट, न धुतलेला फ्लीसचा तुकडा आणि वजनांची वही द्या. प्रवास सकाळी लवकर, एकाच टोपलीत, गवत आणि काकडीच्या चकत्यांसह. उपाशी नेऊ नका. नव्या घरी बारा तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टर गाठा. मे महिन्यात 26 अंशांच्या वर पारा गेला की आत फरशीचा थंड तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली बाटली हवी. नुसता पंखा कामाचा नाही, कारण त्यांना घाम येत नाही.

नरांची खास कामं दर आठवड्याला करायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा: 50 ग्रॅम घटलं तर लक्ष ठेवा, 100 घटलं तर डॉक्टर. शिश्नाभोवतीच्या घडीत गवताची काडी किंवा केस अडकले आहेत का पाहा. म्हाताऱ्या नरांत मऊ लेंड्या गुदाशी साठून गोळा होतो, तो कोमट पाण्याने सैल करून काढावा लागतो. शेपटीच्या जागी चिकट तेलग्रंथी असते, तिथे खोबरेल तेल चोळून मग धुवा. आणि पिंजरा एका दिवसात पूर्ण धुऊ नका. आज अर्धा, दोन दिवसांनी उरलेला. सगळा वास एकदम गेला की हद्दीचा वाद पहिल्यापासून सुरू होतो.