डीटीपीवाल्यांनो, मशीन दुरुस्तीला देण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई किंवा निवडणूक तोंडावर आली की माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका आणि पानं लावणाऱ्यांची, आणि फ्लेक्सवाल्यांची मशीन यायला लागतात. वर्षभर कुरकुरत चालवलेलं मशीन नेमकं तेव्हाच बसतं. काउंटरवर मी पहिला प्रश्न विचारतो, "बॅकअप घेतलाय?" उत्तर ठरलेलं. "हो, डीमध्ये टाकलंय सगळं. तुम्ही फक्त सी फॉरमॅट मारा."

हे ऐकलं की मी आधी चहा सांगतो, कारण पुढचा वेळ समजावण्यात जाणार असतो. बहुतेक मशीनमध्ये सी, डी, ई ही एकाच डिस्कची वाटणी असते. एका घरातल्या तीन खोल्या म्हणा. छप्पर बसलं तर कुठल्या खोलीत काय ठेवलं होतं याला अर्थ उरत नाही. बरं, डिस्क धडधाकट असली तरी धोका आहेच. विंडोज टाकताना जो स्क्रीन येतो त्यावर डी, ई अशी अक्षरं नसतात. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' असं काहीतरी आणि पुढे साइज, एवढंच दिसतं. समोर घाईतला पोरगा बसला असेल आणि दोन पार्टिशन साधारण सारख्याच साइजची असतील, तर तुमचं नशीब. निदान पार्टिशनला नाव तरी देऊन ठेवा, ते तिथे दिसतं.

आमच्या तालुक्यातला एक लग्नपत्रिकावाला घ्या. माणूस शिस्तीचा. डीला नाव 'काम', ईला नाव 'काम बॅकअप', आणि दर शनिवारी न चुकता डीवरचं ईवर कॉपी. एक टीबीची एकच हार्ड डिस्क. एके दिवशी तिच्यातून टकटक आवाज यायला लागला. यानं काय करावं? "एकदा चालू झालं की पटकन कॉपी करून घेतो" म्हणत दिवसभर रीस्टार्ट मारत बसला. माझ्याकडे आली तेव्हा डिस्क बायोसमध्येसुद्धा, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येसुद्धा, दिसत नव्हती. पुण्याला रिकव्हरीसाठी पाठवली. त्यांनी उघडून सांगितलं की डेटा वाचणाऱ्या हेडनंच आतल्या प्लेटवर ओरखडे काढलेत. जे हाती आलं त्यातल्या बऱ्याच सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉच्या फाइली, उघडल्याच नाहीत. दहा-बारा वर्षांच्या बॉर्डर, गणपती, वधू-वरांची कॅरिकेचर्स, सगळं त्यात होतं.

मग वरातीमागून घोडं. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवलेले प्रूफ गोळा केले, पण ते दाबलेले जेपीजी. मोबाइलवर छान, छापायला निरुपयोगी. कामी आल्या त्या ऑफसेट प्रेसला ईमेल केलेल्या पीडीएफ. त्या कोरलमध्ये उघडल्यावर मजकूर कर्व्ह झालेला निघाला, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या, टाइप करून बदलता न येणाऱ्या. पण बॉर्डर आणि गणपती व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत, शाबूत. तेवढ्यावर त्यानं तो सीझन काढला.

तर टकटक, खरखर ऐकू आली की वायर काढा आणि डिस्क तशीच घेऊन या. "एकदाच बघतो" हे शेवटचं बघणं ठरतं. एसएसडीची, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या नव्या डिस्कची, गोष्ट निराळी: ती आवाज न करता जाते. आणि तिच्यावर चुकून फॉरमॅट बसला तर ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा आपोआप साफ करायच्या सोयीमुळे, जुना डेटा पुसला जातो, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर कितीही फिरवा. जुन्या हार्ड डिस्कवर आम्ही जे चमत्कार करायचो ते इथे होत नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. दोन एक्स्टर्नल डिस्क, मार्करनं एकीवर 'दुकान', दुसरीवर 'घर' लिहिलेलं, आठवड्याला अदलाबदल. बॅकअपची सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत, मी कॉपी-पेस्ट करतो, कारण काय कुठे गेलं ते डोळ्यांनी दिसतं. पेनड्राइव्हवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. फाइल प्रेसला न्यायची तर न्या, वर्षाचं काम त्यात ठेवू नका. क्लाउडवाल्यांनी एवढंच बघावं की गूगल ड्राइव्हवर फुकट जागा १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी. फ्लेक्सच्या मोठ्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली, टाकल्या की ती बघता बघता संपते. मग अपलोड थांबतं, कोपऱ्यात सूचना येते, आणि ती कोणी वाचत नाही.

आता दुसरी चूक, जिच्यावर मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतोय: फाइल घेतात, फॉन्ट विसरतात.

मराठी डीटीपीचं अर्धं जग अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर चालतं. यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एका बाई दिवाळी अंकाची पानं लावायच्या. त्यांचं मशीन दुसरीकडे फॉरमॅट झालं, त्याआधी तिथल्या माणसानं डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून सीमधल्या विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर आठवणीनं कॉपी केला. तरीही निम्मे फॉन्ट गायब. कारण विंडोज १० च्या २०१८ मधल्या ऑक्टोबर अपडेटपासून साधं 'इन्स्टॉल' दाबलं की फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो, आणि त्याची फाइल युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या घरात जाते. तो फोल्डर लपलेला असतो.

इथवर काही बिघडलं नव्हतं. जुना फॉन्ट मिळाला असता तर काम जसंच्या तसं उभं राहिलं असतं. पण प्रेसचा फोन वाजत होता. बाईंनी फाइल उघडली, कोरलनं 'हे फॉन्ट सापडत नाहीत, बदली कुठला देऊ' असं विचारलं, यांनी कायमची बदली निवडली, ओके केलं, आणि वर सेव्ह. एक फाइल नाही, एकामागोमाग सगळ्या, "बघूया कुठल्या नीट उघडतात" म्हणून. अक्षरांचे कोड आत तसेच असतात, त्यामुळे मजकूर निवडून जुना फॉन्ट लावला की मराठी परत दिसतं. पण मथळ्याला कुठला, कवितेला कुठला, चौकटीतल्या मजकुराला कुठला, ही माहिती गेली. मागच्या अंकाची छापील प्रत शेजारी ठेवून त्यांनी एकेक ओळ पुन्हा लावली.

म्हणून खिचडी दिसली की सेव्ह न करता फाइल बंद करा. फॉन्ट आणा, मग उघडा. फॉन्ट टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. आणि मी स्वतः प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये त्या कामाचे फॉन्ट टाकून ठेवतो. कोरलचं 'कलेक्ट फॉर आउटपुट' आणि पानं लावायच्या इनडिझाइनचं 'पॅकेज' यासाठीच दिलंय. तुम्ही शेवटचं कधी वापरलं होतं?

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. मध्ये लाइट गेली तर काय, एवढा विचार करा.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळवा. मग चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, त्यातली एक जुनी आणि एक मोठी. याला दहा मिनिटं लागतात आणि नेमकी ती कोणाकडे नसतात.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सीमध्येच असतात, सी फॉरमॅट झालं की तेही जातात. व्हॉट्सॲपवर आलेला नवऱ्याचा फोटो डाउनलोड्समधूनच पानात लिंक करणारे बहाद्दर मी रोज बघतो.

सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहून द्या. नव्या कोरलमध्ये सेव्ह केलेली सीडीआर जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, आणि दुरुस्तीवाला त्याच्याकडे असेल ते व्हर्जन टाकतो. तो 'फुकटात' टाकून देतो म्हणाला तर अजून सावध व्हा. क्रॅकबरोबर काय काय येतं ते नंतर मलाच साफ करावं लागतं. स्वतःचं लायसन्स असेल तर सीरियल नंबर लिहून ठेवा.

फोटोशॉपच्या ॲक्शन्स आणि ब्रश, कोरलचा वर्कस्पेस एक्स्पोर्ट करून घ्या. हे कोणीच करत नाही आणि नंतर सगळे म्हणतात, "पहिल्यासारखं वाटत नाही हो."

डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायला लागणारी यूएसबी किल्ली, मशीनला लावून देऊ नका. मराठी फॉन्टच्या श्रीलिपीचं असो वा फ्लेक्स मशीनला छपाईची फाइल तयार करून देणाऱ्या रिप सॉफ्टवेअरचं, काढून गल्ल्यात ठेवा. ते हरवलं तर दुरुस्तीचं बिल त्यापुढे चिल्लर वाटेल.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी: मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन असेल तर डिस्क न सांगता एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. मग मदरबोर्ड बदलला, डिस्कला हातही लावला नाही, तरी चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. दुकानात यायच्या आधी उतरवून आणा. पासवर्ड आठवत नसलेल्या अकाउंटचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो, हा तमाशा मी पुष्कळ पाहिलाय.

आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेतलीत, तर जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे, तिच्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे फोटो आणि आधार कार्डांच्या झेरॉक्सचे स्कॅन आहेत. निदान दोन महिने ती पुसू नका. पहिल्या आठवड्यात सगळं सापडल्यासारखं वाटतं, आणि मग कोणीतरी मागच्या वर्षीची पत्रिका 'फक्त नाव बदलून' मागायला येतं.