पॅकेट आत येतं, बाहेर पडत नाही: राउटिंगमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

लिनक्स मशीनवर पिंग गेलं नाही की पहिला सल्ला मिळतो, 'रीबूट मार'. अजिबात मारू नका. एआरपीच्या नोंदी (कुठल्या आयपी पत्त्याचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कोणता), हाताने घातलेले रूट, काउंटर, सगळा पुरावा पुसला जातो.

आधी 'आयपी नेबर' चालवा, एआरपीच्या नोंदी दिसतील. 'स्टेल' दिसलं म्हणून दचकू नका. नोंद शिळी झालीय एवढंच, वापरात आली की कर्नल ती पुन्हा तपासून घेतो. 'इनकम्प्लीट' किंवा 'फेल्ड' असेल तर मात्र आपण विचारतोय आणि पलीकडून उत्तर नाही. मग केबल, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) आणि मुख्य म्हणजे नेटमास्क (पत्त्याचा किती भाग आपल्या सबनेटचा, ते सांगणारा आकडा) बघा. /२४ च्या जागी /१६ पडला असेल तर दुसऱ्या सबनेटमधलं मशीन आपल्याच वायरवर आहे असं धरून होस्ट त्याचाच एआरपी विचारत बसतो, गेटवेकडे वळतच नाही. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने राउटरनेच एआरपीला उत्तर देणं) चालू असेल तर ही चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते.

फॉरवर्डिंगचं, म्हणजे एका इंटरफेसवर आलेलं पॅकेट दुसऱ्यातून पुढे पाठवण्याचं, सगळ्यांना माहीत असतं: 'आयपी_फॉरवर्ड' हा कर्नलचा स्विच १ हवा. तो १ आहे, फायरवॉल रिकामी आहे, रूट बरोबर आहेत, तरी पॅकेट पुढे जात नाही. मला रडवलं ते इथेच.

समजा १०.२.०.७ कडून पॅकेट ईटीएच१ या इंटरफेसवर आलं, पण त्या पत्त्याकडे परत जायचा आपला रूट ईटीएच० मधून आहे. 'आरपी_फिल्टर' (उगमाच्या पत्त्याकडे परतीची वाट आहे का, ही कर्नलची तपासणी) १ असेल तर लिनक्स हे पॅकेट गुपचूप टाकून देतो. टीसीपीडम्पला, म्हणजे पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते ईटीएच१ वर ठळक दिसतं, कारण तो त्याआधीच बघतो. फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचा काउंटर मात्र हलत नाही. लॉगमध्येही काही नाही; त्यासाठी 'लॉग_मार्शियन्स' चालू करावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. ईटीएच१ च्या 'आरपी_फिल्टर'मध्ये ० लिहिलं तरी काही बदलत नाही, कारण कर्नल 'ऑल'ची (सगळ्या इंटरफेसची सामाईक सेटिंग) आणि त्या इंटरफेसची किंमत बघून त्यातली मोठी धरतो. 'ऑल' १ असेल तर तुमचं ० वाया. पुन्हा सांगतो, मोठी किंमत चालते, शेवटची लिहिलेली नाही. त्यामुळे ईटीएच१ वर २ लिहा. मग पत्ता कुठल्याही इंटरफेसमधून गाठता येत असेल तरी पॅकेट आत घेतलं जातं.

पण २ लिहायची घाई नको. 'आयपी रूट गेट' या कमांडला उगमाचा पत्ता आणि 'आयआयएफ ईटीएच१' देऊन विचारा. 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' असं विचित्र उत्तर आलं तर बहुतेक हेच दुखणं. मग ठरवा: येण्या-जाण्याच्या वाटा मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, की परतीचा रूटच चुकलाय? रूट चुकला असेल तर तो दुरुस्त करा, फिल्टरला हात लावू नका; बनावट उगमपत्त्याची पॅकेट अडवायला तो तिथे आहे. 'सगळीकडे ० कर, चालतंय ना' म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून कीबोर्डचे शॉर्टकट शिका, राउटिंग नको.

हे सगळं पहिल्या फटक्यात दिसत नाही, त्यात कमीपणा नाही. दोन टर्मिनल उघडा, दोन्ही इंटरफेसवर टीसीपीडम्प लावा, 'मायनस ई' देऊन मॅक पत्तेही बघा. पॅकेट एका खिडकीत आहे आणि दुसरीत नाही, इतकं कळलं की शोधायची जागा एका मशीनपुरती उरते.