नागिणीचे दुखणे लांबवणाऱ्या या चुका टाळा
छातीच्या, पाठीच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग आणि ठणका सुरू होतो आणि काही दिवसांनी तिथेच पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उमटतो, तेव्हा ती बहुधा नागीण असते. पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि वयामुळे किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा डोके वर काढतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वेळ दवडणे. पुण्यात पेठेतला वाडा असो वा कोथरूडची सोसायटी, फोड दिसताच कोणीतरी नागीण उतरवून देणाऱ्याचा पत्ता देतो, गेरूचा लेप सुचवतो आणि पट्ट्याचे तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी धास्ती घालतो. वास्तविक एका मज्जातंतूचा प्रदेश शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून पट्टा सहसा तिथेच थांबतो. त्याचे श्रेय लेपाला देऊ नये. असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर यांसारख्या विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि लेपासाठी फेऱ्या मारण्यात नेमके हेच दिवस निघून जातात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर दृष्टीला धोका असतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

फोडांवर बाम चोळणे किंवा बर्फ थेट धरणे टाळावे. गार पाण्यात पिळलेली स्वच्छ सुती घडी थोडा वेळ ठेवल्यास आग शमते, आणि कपड्याचा नुसता स्पर्शही सोसवत नसेल तर जुन्या धुवट सुती साडीचे मऊ कापड अंगाभोवती सैल गुंडाळावे.

दुखणे मुकाट्याने सोसणे हीदेखील चूकच आहे. पॅरासिटामॉलने भागले नाही की आता इलाज नाही, असे घरचे समजतात. परंतु मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबलिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे असतात. त्यांची मात्रा हळूहळू वाढवावी लागते आणि गुण यायला कधी कधी काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. या औषधांनी गुंगी येते. तेव्हा दुचाकी चालवू नये आणि रात्री उठणाऱ्या ज्येष्ठांना आधार द्यावा. फोड वाळल्यावरही तीन महिन्यांपलीकडे वेदना टिकली तर ती नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना समजून तिच्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत.