उन्हाळ्यात दुभत्या शेळीचे केस: कुठे कापायचे, कुठे राखायचे

संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळीचे केस मुळातच आखूड, त्यांना रोजचा खरारा पुरतो. कात्री लागते ती जमनापारी आणि तिच्या संकरातल्या शेळ्यांना. त्यांच्या मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके असतात. मूत, लेंड्या, चिखल त्यात अडकतो, कासेला घासतो आणि धार काढताना दुधात उतरतो.

उन्हाळा आला म्हणून अख्खी शेळी भादरू नका. पाठीवरचे केस ऊन अडवतात. पांढऱ्या शेळीची कातडी खाली गुलाबी असेल तर पाठ भाजते, सोलते. पाठीवर निदान बोटाच्या पेराएवढे केस ठेवा. कापायचे ते मांड्या, जांघ, पोटाचा खालचा भाग, शेपटीखाली आणि कासेवर.

होळीनंतर रात्रीचा गारवा सरला की हे काम काढा. अवकाळी पावसाची लक्षणं असतील तर चार दिवस थांबा. विण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात शेळीला बांधून ओढाताण करू नका.

आधी खरारा करून माती झाडा. मळलेल्या किंवा ओल्या केसांवर पातं लगेच बोथट होतं आणि मग केस कापण्याऐवजी उपटतं. धुवायचं असेल तर आदल्या सकाळी धुवा. साबण राहिला तर कोंडा होतो.

सकाळी सावलीत, आखूड दोरीने बांधा, पुढ्यात सुबाभळीचा पाला टाका. मशीन चालू करून आधी त्याची मागची बाजू शेळीच्या खांद्याला टेकवा, थरथर अंगवळणी पडू द्या. दाढीचं मशीन राठ केसांत अडकतं. कुत्र्यांचे केस कापायचं, १० नंबर पात्याचं मशीन बरं. पातं कातडीला सपाट ठेवून केसांच्या उलट दिशेने चालवा. टोक खुपसलं की चिरलंच. दर पाच मिनिटांनी पातं मनगटाला लावून पाहा. चटका बसला तर थांबा, पात्यावर तेल सोडा.

सगळ्यात जास्त चिरतं ते जांघेत, मांडी पोटाला मिळते तिथल्या सैल घडीत. एका हाताने कातडी ताणून धरल्याशिवाय तिथे पातं लावू नका. कासेचे केस धारेच्या आधी, कास भरलेली असताना कापा, कारण तेव्हा कातडी ताठ असते. सड मुठीत झाका. मग कास धुऊन, पुसून धार काढा. मशीन नसेल तर बोथट टोकाची कात्री घ्या, खालून कंगवा घालून केस उचला आणि कंगव्याच्या वरूनच कापा.

चिरलं तर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि जखम रोज बघा, कारण माशी बसली की अळ्या पडतात. त्याच दिवशी गोचिडाचं औषध फवारू नका, उघड्या जखमेतून ते अंगात भिनतं. कानात, शेपटीखाली, जांघेत गोचीड दिसले तर पशुवैद्यकांना औषधाचं प्रमाण विचारा, आणि किती दिवस दूध वापरायचं नाही हेही.

शेळी बांधलेली आहेच तर खूरही बघा. द्राक्षबागेतलं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालतं, फक्त स्वच्छ हवं. वाढून आत वळलेली कड पातळ पातळ कापत तळव्याच्या पातळीला आणा. गुलाबी झाक दिसली की तिथेच थांबा, पुढे रक्त आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी हे लागतंच.